आधीचा वाटा

मिझोराममधल्या घरात भातासाठी तांदूळ काढले की बाई लगेच ते धुवायला घेत नाही. काढलेल्या तांदळातली एक मूठ ती शेजारच्या डब्यात टाकते, क्षणभर प्रार्थना करते आणि मग उरलेले तांदूळ धुऊन चुलीवर चढवते. भात जितक्या वेळा शिजेल तितक्या वेळा मूठ निघते. आठवड्याला चर्चच्या मंडळीतल्या बायका घरोघरचे डबे रिकामे करून नेतात, जमलेला तांदूळ विकतात आणि ती रक्कम मंडळीकडे जमा होते. या मुठीला मिझो लोक ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. १९१० साली तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत ही रीत सुरू झाली आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी चालू आहे.

ज्या डोंगरांत ती सुरू झाली तिथे ख्रिस्ती धर्म पोचून तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती. लॉरेन आणि सॅव्हिज हे पहिले दोन मिशनरी ११ जानेवारी १८९४ रोजी तिथे पोचले. पाठोपाठ १८९७ मध्ये वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स आले. नव्याने उभी राहणारी मंडळी झूम शेती करणाऱ्यांची होती. डोंगरउतारावरचं रान तोडायचं, जाळायचं, त्या राखेत भात पेरायचा आणि काही वर्षांनी दुसरा उतार शोधायचा, असं ते जगणं. रोकड कुणाच्याच हातात नव्हती, बाईच्या हातात तर नव्हतीच. तांदूळ मात्र प्रत्येक घरात होता आणि तो बाईच्या हाताखालून जात होता. गावोगाव फिरून शिकवणाऱ्या ‘बायबल वुमन’ म्हणजे धर्मसेविका, त्यांच्या पोटापाण्याची सोय आधी या मुठीतून झाली.

रीत अंगवळणी पडते न पडते तोच १९११-१२ मध्ये माउताम आला. मिझो डोंगरांतला बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो, त्याच्या बियांवर उंदरांची संख्या बेसुमार वाढते आणि बिया संपल्या की ती टोळधाड भाताच्या शेतांवर आणि कणग्यांवर पडते. पुन्हा १९५९ च्या सुमारास तेच झालं, २००७ च्या सुमारास तेच. असे तीन दुष्काळ या मुठीने पचवले. पोटाला कमी असताना पोटासाठी काढलेल्यातून काढायचं, हे सांगायला सोपं आहे. चुलीपुढे बसलेल्या बाईला त्या क्षणी समोर भुकेलं पोर दिसत असतं.

प्रार्थना आणि घरचा कारभार यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला या मुठीइतकं स्वच्छ कुठल्याच प्रवचनात सापडलेलं नाही. ती मूठ उरलेल्या भाताची नसते. जेवणं आटोपल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेलं कुणाला तरी देणं हेही चांगलंच, पण ती वेगळी गोष्ट आहे. इथे आपला अंदाज लागण्याच्या आधी वाटा बाजूला निघतो. घरात आहे ते सगळं माझं, त्यातलं थोडं मी देवाला देते, असा हा हिशेब नाही. आहे ते सगळं त्याचं, त्यातलं मी माझ्यापुरतं घेते, असा आहे. कारभारी आणि मालक यांच्यात फरक असतो तो एवढाच, आणि ख्रिस्ती श्रद्धा माणसाला कारभारीच म्हणते.

जुन्या करारातल्या अनुवाद या ग्रंथात पहिल्या उपजाचा विधी सांगितला आहे. शेतकऱ्याने नव्या पिकातलं पहिलं घेऊन टोपली भरायची, ती याजकापुढे ठेवायची आणि आपले पूर्वज कसे भटके होते, मिसर देशात गुलाम होते, तिथून देवाने त्यांना कसं बाहेर काढलं हे स्वतःच्या तोंडाने बोलायचं. त्यानंतर जेवण, आणि त्या जेवणाला गावात राहणारा परका माणूसही हवा. लेवीय ग्रंथ आणखी पुढे जातो: शेत कापताना कडा कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाची आणि परक्याची. त्याच ग्रंथात जमीन कायमची विकता येत नाही असं बजावलं आहे, कारण ती देवाची आहे आणि तुम्ही तिथे पाहुणे आहात. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरी मागितली आहे ती आजच्यापुरती आणि ‘आमची’. ‘माझी’ असा शब्द त्या प्रार्थनेत एकदाही येत नाही. रोज ही प्रार्थना म्हणणाऱ्या माणसाने कोठारं मोठी करायला घेतली तर त्याचं काय होतं, याचा दृष्टान्तही येशूनेच सांगून ठेवला आहे.

महाराष्ट्राला मुठीची रीत परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना खेडोपाड्यांतल्या घरांमधून निघणाऱ्या मूठ-मूठ धान्याचा आधार होता. कोकणात दसऱ्याला भाताच्या नव्या लोंब्यांचं ‘नवं’ दाराला बांधतात. गोव्यात कोणसाचं फेस्त होतं. सासष्टीतल्या रायच्या चर्चमध्ये ते ५ ऑगस्टला होतं, मग एकेक गाव करत ८ सप्टेंबरच्या सायबिणीच्या फेस्तापर्यंत नव्या कणसांना आशीर्वाद मिळत राहतो आणि ती कणसं घराच्या आल्ताराला लावली जातात. गोव्यात हे भात ज्या खाजन शेतांत पिकतं ती खाडीकाठची जमीन बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारं, राखली तरच शेती म्हणून टिकते. बांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं, एकट्याच्या नाही. गावकारीची जुनी व्यवस्था या बांधांची राखण सामाईक धरून चालत होती. कणसाची मिरवणूक अजून थाटात निघते, बांधांची राखण मात्र कित्येक ठिकाणी सुटली आहे. हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय त्या सणाबद्दल बोलू नये असं मला वाटतं.

नगर जिल्ह्यातली गोष्ट निराळी आहे, कारण तिथल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांकडे पहिली पेंढी आणायला शेतच नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरात १८३१ मध्ये सुरू झालं. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. पण गावोगावच्या मंडळ्या वाढल्या त्या १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या आगेमागे, आणि आले ते मुख्यतः महार-मांग समाजातले लोक. गावगाड्याने ज्यांच्या हातात जमीन ठेवली नाही, पाणवठ्यावर ज्यांना येऊ दिलं नाही, त्यांना ‘तुम्ही देवाच्या सृष्टीचे कारभारी आहात’ असं सांगणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज कळणं अवघड आहे. कारभारी व्हायला आधी माणूस म्हणून मोजलं जावं लागतं. नगरच्या ख्रिस्ती माणसाला ते मोजलं जाणं प्रार्थनेच्या घरात मिळालं.

त्यामुळे इथल्या कापणीच्या सणाला येणारा वाटा कितीतरी तऱ्हांचा असतो. मी गेलो त्या मंडळीत वेदीपुढे बाजरीचं पोतं होतं, मेथीच्या जुड्या होत्या, दोन भोपळे, पाय बांधलेली कोंबडी, वहीच्या कागदात गुंडाळलेला शिक्षकाच्या पगारातला पहिला हप्ता आणि एका स्टीलच्या वाटीत चार अंडी. उपासना झाली, पाळकसाहेबांनी सगळ्यावर प्रार्थना केली आणि मग मंडपात लिलाव सुरू झाला. अंडी खुरपणीला जाणाऱ्या एका बाईंनी आणली होती. बोली चढत गेली. एका मास्तरांनी ती घेतली, पैसे भरले आणि वाटी पुन्हा टेबलावर ठेवून दिली: “परत बोली लावा.” पुन्हा कुणी घेतली, पुन्हा ठेवली. चार अंड्यांची किंमत कोंबडीच्या वर गेली. बाई मागच्या रांगेत डोक्यावरचा पदर दाताखाली धरून बसल्या होत्या.

लिलावाचा एक धोका आहे आणि तो मंडळीतल्या लोकांनीच मला सांगितला. बोली मोठ्याने बोलली जाते, आकडा सगळे ऐकतात. मुंबई-पुण्याहून सणाला आलेला पगारदार माणूस भोपळ्याला हजारोंची बोली लावतो तेव्हा त्याने दिलं किती आणि दाखवलं किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक. दानाची खबर डाव्या हाताला लागू नये असं येशूने सांगितलं होतं. पाळकसाहेबांना मी हे विचारलं.

“सलाम करून जाताना तुम्ही त्या बाईंना विचारा,” ते म्हणाले. “वर्षभर त्यांच्या कामाची किंमत मुकादम ठरवतो. आज मंडळीनं ठरवली. माझ्यानं लिलाव बंद करवत नाही.”

मला हे उत्तर पुरेसं वाटलं. दशांशाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा वाटा देवाला देण्याच्या, नावाखाली जे दुसरं काही चालतं, त्याबद्दल मात्र मला इतका समजूतदारपणा दाखवता येत नाही. द्या म्हणजे देव दसपट परत करील, कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल, असं सांगत फिरणारे प्रचारक आता शहरांतल्या हॉलमध्येही आहेत आणि वस्त्यांतल्या पत्र्याच्या शेडमध्येही. कर्ज काढून दशांश भरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट ही माणसं हटकून सांगतात. पण विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशू त्याच्या अगदी आधीच्या वाक्यांत कोरडे ओढतो, ते वगळून सांगतात. देवाशी केलेला सौदा ही प्रार्थना नव्हे. ज्या घरात पोरांच्या फीचे पैसे नाहीत त्या घरातून पैसे उचलणारा माणूस देवाच्या कारभाऱ्यांत बसत नाही.

आधीचा वाटा काढणाऱ्या घरात मागचं कोण निभावतं, हा प्रश्न मराठी साहित्यात एका बाईने फार मोकळेपणाने मांडून ठेवला आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. देण्याच्या बाबतीत ते इतके उतावळे होते की हातात आलेला पैसा घरापर्यंत पोचेलच याचा भरवसा नसे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. मिशनच्या पगारावर जगणारा उपदेशक लोकांना परक्याचा चाकर वाटतो, हे त्यांचं दुखणं होतं आणि ते खरंही होतं. पण दरबार मांडणाऱ्या कवीच्या घरात डबे रिकामे झाले की ते भरायचे कसे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पाहावं लागे. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना टिळकांच्या औदार्याने ऊर भरून येतो आणि पुढच्याच पानावर लक्ष्मीबाईंची कसरत दिसते. त्यांनी परक्या पोरांना आपल्या पंक्तीला बसवलं, असेल त्यात सगळ्यांचं भागवलं. देणाऱ्याचं नाव झालं आणि पुरवणारीचा हात कुणी पाहिला नाही, असं आपल्याकडे नेहमी होतं. लक्ष्मीबाईंच्या लेखणीमुळे या एका घरापुरतं तरी ते टळलं.

पंडिता रमाबाईंनी तर घर आणि शेत, प्रार्थना आणि हिशेब अशी वाटणीच ठेवली नव्हती. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढे पुणे, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे तीनशे बायका-मुलींनी भरलेलं केडगावचं मुक्ती मिशन. पहाटेची प्रार्थना झाली की कुणी विहिरीवर, कुणी मागावर, कुणी गोठ्यात, कुणी छापखान्यात. आंधळ्या स्त्रियांसाठी बार्तिमी सदन होतं, तिथे रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकवत असे. टाकून दिलेल्या माणसांना सांभाळणं हाही कारभारच, किंबहुना पहिला कारभार तोच, हे रमाबाईंनी केडगावच्या माळावर करून दाखवलं. ख्रिस्ती मंडळ्यांत आजही दानाची चर्चा निघाली की पैशापाशी थांबते. केडगाव त्या चर्चेत यायला हवं.

मिझोरामची मूठ बायकांची, नगरच्या वाटीतली अंडी बाईची, टिळकांच्या घरचा मेळ लक्ष्मीबाईंचा. मिझोरामच्या मंडळीचा मोठा आधार बायकांच्या मुठीवर उभा राहिला, पण त्याच मंडळीने दशकानुदशकं बाईला पाळकपदाची दीक्षा दिली नाही. वाटा घ्यायचा आणि देणारीला वेदीपाशी उभं राहू द्यायचं नाही, याचं समर्थन कुठल्या वचनाने होतं ते मला माहीत नाही.

पहिलं पीक चर्चला नेण्याची रीत वसईतही आहे: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी वसई पट्ट्यात आगेरा असतो. पाऊस ओसरलेला, भात पिकलेलं. लोक नव्या भाताच्या पेंढ्या घेऊन वाजतगाजत चर्चकडे निघतात, म्हाताऱ्या बाया लाल लुगडी नेसतात, फादर पेंढ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. लोंब्या घरोघर जातात. वसईत पोर्तुगीज आले १५३४ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये, राज्यं बदलली, पण पश्चिम पट्ट्यातले ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाड्यांतून हलले नाहीत. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, त्यांची कादोडी बोली, केळीच्या बागा, पानवेली, वाळवलेल्या राजेळीची सुकेळी, पहाटेच्या लोकलने दादरला जाणारी फुलं आणि भाजी हे सगळं एका गोष्टीवर उभं होतं, गोड्या पाण्यावर. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना विहिरीला गोडं पाणी लागतं ते जमिनीत पावसाचं पाणी मुरलेलं असतं म्हणून. ते मुरवण्यासाठी वाड्यावाड्यांत बावखलं होती: उथळ, रुंद तळी, पावसाळ्यात काठोकाठ भरणारी. त्यांतलं पाणी हळूहळू खाली झिरपतं आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. बावखल बुजलं की आसपासच्या विहिरींची चव बदलायला वेळ लागत नाही.

यंदाच्या आगेऱ्याला माझ्या पुढे चालणाऱ्या एका तरुण जोडप्याच्या हातात पेंढी होती ती विकत आणलेली. त्यांची वाडी वडलांच्या हयातीतच गेली, आता तिथे सात मजली इमारत आहे आणि त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये ती दोघं राहतात. पेंढी आणल्याबद्दल त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. आणावीशी वाटली हेच मोठं. पण आगेऱ्याचा सगळा अर्थ आपल्या शेतातलं पहिलं आणण्यात असेल, तर शेत गेल्यावर आणायचं काय, हा प्रश्न त्या मिरवणुकीबरोबर चर्चच्या दारापर्यंत चालत येतो.

हा प्रश्न वसईत मोठ्याने विचारणारा माणूस नंदाखालचा एक धर्मगुरू होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी वाचकांना ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून, ‘सुबोध बायबल’चे लेखक म्हणून आणि उस्मानाबादला २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत आहेत. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. पण वसईच्या वाड्यांत त्यांचं नाव निघतं ते पाण्याच्या संदर्भात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचे निर्णय झाले, पुढे नियोजन सिडकोकडे गेलं. रेल्वे स्टेशनांभोवती इमारती उठत होत्या, त्यांना नळ नव्हते. टँकर पश्चिमेच्या विहिरींवर येऊन लागले. रात्रंदिवस उपसा सुरू झाला, आणि विहिरी खारावू लागल्या. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती या सगळ्याविरुद्ध, आणि दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी त्या मोर्च्यांत खांद्याला खांदा लावून चालले. धमक्या आल्या. पाद्र्याने मिस्सा करावी, मोर्चे काढू नयेत, हे बाहेरचे म्हणाले तसे चर्चच्या आतलेही म्हणाले.

त्या लढ्यातली सर्वांत अवघड जागा ही होती की टँकरला पाणी देणारे परके नव्हते. रविवारी बाकावर शेजारी बसणारा, मिस्सात शांतीचा नमस्कार देणारा माणूसच सोमवारी मोटर चालू करत होता. बिल्डरविरुद्ध घोषणा देणं सोपं आहे, स्वतःच्या चुलतभावाला ‘हे पाणी तुझं एकट्याचं नाही’ असं सांगणं अवघड. विहीर सातबाऱ्यावर एकाच्या नावावर असते, पाणी खालून सगळ्यांचं एकच असतं.

गिरीज-भुईगावकडच्या एका वाडीत मी एका आजींना भेटलो. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, हातात विळी आणि मांडीवर अळूची पानं. त्यांच्या विहिरीचं पाणी टँकरला कधीच गेलं नाही, असं शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. मी विचारलं, “आजी, पैसे तर चांगले मिळत होते ना?”

“चांगले म्हणजे? रोजच्या रोज मोजून देत होता. ह्यांनी हो म्हणून टाकलं होतं. मी म्हटलं, विहीर मामंजींनी खणली हे खरं, पण पाणी काही त्यांनी भरलं नाही.”

“मग?”

“मग काय, आठ दिवस घरात अबोला. माळ मात्र एकत्र म्हटली. माळेला बसल्यावर माणूस किती दिवस रागावून राहील? नवव्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, नको देऊ या.”

रोज सात-साडेसातला त्यांच्या घरी जपमाळेची प्रार्थना होते. ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, शेजारची दोन घरंही येतात. मी बसलो त्या दिवशी शेवटी त्यांनी आपल्या शब्दांत मागणं मागितलं: परदेशातल्या मुलासाठी, शेजारच्या आजारी बाईसाठी, आणि मोगऱ्यासाठी, कारण कळ्या धरत नव्हत्या. मोगऱ्यासाठी केलेली प्रार्थना मी पहिल्यांदाच ऐकली. तिथे कुणालाच ती वेगळी वाटली नाही.

पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ मध्ये निघालं. पृथ्वी हे आपलं सामाईक घर आहे, तिचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकच आहे, हा त्याचा गाभा. जगभर त्याचं स्वागत झालं, वसईतही वाचन झालं. वसईकरांना त्यातलं पुष्कळसं ओळखीचं वाटलं असणार. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला सृष्टीवर सत्ता दिली आहे, दुसऱ्या अध्यायात त्याला बागेत ठेवलं आहे ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. ख्रिस्ती जगाने शतकानुशतकं पहिला अध्याय हातात धरून जंगलं तोडली, हा आरोप झाला आहे आणि त्यात तथ्य आहे. वाडीत राहणाऱ्या माणसाला मात्र दुसरा अध्याय कळायला परिपत्रक लागत नाही.

वसईच्या नळांना आज जे पाणी येतं त्याची बाजूही सांगायला हवी. शहराची तहान भागवायला सूर्या प्रकल्पाचं पाणी आलं, टँकरचा विहिरींवरचा भार हलका झाला. पण सूर्या धरण बांधलं होतं पालघर-डहाणूकडच्या शेतीच्या सिंचनासाठी, आणि ते पाणी शहरांकडे वळवण्याविरुद्ध तिथले आदिवासी शेतकरी वर्षानुवर्षं भांडत आहेत. आपली विहीर वाचली ती दुसऱ्याच्या पाटाच्या बदल्यात. लेवीय ग्रंथातला शेताची कड परक्यासाठी सोडण्याचा नियम वसईच्या चर्चमध्ये वाचला जातो तेव्हा ही कड कुणाची आणि परका कोण, हे विचारलं जावं असं मला मनापासून वाटतं. हरित वसईच्या लढ्याचा पुढचा धडा तिथे आहे आणि तो अजून गिरवलेला नाही.

२०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्यात बुडालं, लोकल बंद पडल्या, घरांत गुडघाभर पाणी शिरलं. पावसाला सामावून घेणाऱ्या जागा एकेक करून बुजल्या होत्या. त्यानंतर बावखलांकडे लोकांचं पुन्हा लक्ष गेलं. काही गावांत तरुण पोरांनी सुट्टीच्या दिवशी उतरून जलपर्णी ओढली, प्लास्टिक काढलं, गाळ उपसून वाड्यांत टाकला. एका गावी मी ते काम पाहिलं. सकाळची मिस्सा करून पोरं थेट बावखलावर आली होती, फादरही पँट दुमडून काठावर घमेली पुढे देत होते. गाळ काळा, चिकट, वासाचा. पहिल्या तासात बाहेर आल्या त्या दारूच्या बाटल्या, थर्माकोल, एक मोडकी सायकल आणि कुणाच्या तरी घरातली जुनी तसबीर. ज्यांनी ते टाकलं ते याच गावातले. कुणी त्यावर बोललं नाही, फक्त ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्या जास्त झाल्या. दुपारी तीन घरांतून जेवण आलं.

विकत घेतलेली पेंढी आणणारं ते जोडपंही तिथे होतं. नवरा गळ्यापर्यंत चिखलात, बायको काठावर नोंद ठेवत होती: किती घमेली, कुणाच्या वाडीत किती. शेत गेल्यावर आणायचं काय, याचं त्यांच्यापुरतं उत्तर त्यांनी काढलं होतं. रविवारचा अर्धा दिवस, म्हणजे त्यांच्या आठवड्यातला एकुलता मोकळा वेळ, ते आधी काढून ठेवतात आणि मग आठवड्याची बाकीची कामं लावतात.

आजींच्या वाडीलाही बावखल आहे. वाडी आता तीन मुलांत वाटली जायची आहे, एक वसईत, एक मीरा रोडला, एक कॅनडात. विकायची की नाही यावर घरात बोलणी चालू आहेत आणि आजींनी ती थांबवलेली नाहीत. पोरांच्या संसारांना पैसा लागतो, हे त्यांना समजतं. त्यांनी एकच गोष्ट धरली आहे. मोजणीला माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, वाडीचे हिस्से पाडायच्या आधी बावखल आणि त्याच्या काठची आठ हात जागा वेगळी काढ, ती कुणाच्याच हिश्शात नको, शेजारच्या सगळ्या विहिरींसाठी ती तशीच राहील. वकिलाने तसा कागद केला आहे. थोरल्याने सही केली, मधल्याने महिनाभर वेळ घेऊन केली. धाकट्याला नाताळात सुट्टी आहे, तो आल्यावर बसून बोलायचं ठरलं आहे.